मार्क मुलीचे, कागद आपले

भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी हरकत नाही. फक्त मधे एखाद्या दाखल्याचं नाव आलं की घरातल्या शिकणाऱ्या पोरीला हाक मारा आणि लिहून घ्यायला सांगा. आज आम्ही बोलणार आहोत डॉक्टरकीच्या प्रवेशाबद्दल, एमबीबीएसबद्दल. आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, हा आपला विषय नाही, ते पोरीचं आणि तिच्या सरांचं काम. अभ्यासापुरतं ते खरं आहे. पण जागा मिळते ती नुसत्या अभ्यासावर नाही, आणि उरलेलं काम आपल्यासारख्या बायांनाच जास्त चांगलं जमतं, असं आमचं इतक्या पोरींचे कागद गोळा करून झाल्यावरचं मत आहे.

नीटचा निकाल लागला की चौकात फलक लागतो. पोरीचा फोटो, 'नीट परीक्षेत पात्र झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा जणांचे फोटो. पोरीचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण हा 'पात्र' शब्द नीट समजून घ्या. २०२५ साली देशभरातून बावीस लाखांहून जास्त मुलं-मुली या परीक्षेला बसली. त्यातली बारा लाखांहून जास्त पात्र ठरली. आणि एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास. त्यातही सरकारी फीच्या जागा साधारण निम्म्या. म्हणजे पात्र झालेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना एमबीबीएसची जागाच नाही. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ.

हे आधी सांगायचं कारण असं की फलक लागला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. 'तुमची मुलगी पात्र आहे, जागा फिक्स करून देतो, आत्ता फक्त टोकन भरा.' सरकारी जागा कोणी फिक्स करून देऊ शकत नाही. ती यादी लावून, क्रमांकाने मिळते. टोकन मागणारा माणूस कितीही गोड बोलला, कोणत्याही पुढाऱ्याचं नाव घेतलं, तरी त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता परीक्षेचं थोडक्यात. पेपर ७२० मार्कांचा. प्रश्न १८०, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकचे, ४५ रसायनचे. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. वेळ तीन तास. गेली काही वर्षं ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता सुरू झाली आहे. पेपर मराठीतही मिळतो, सोबत इंग्रजी छापलेलं असतं. पण जिने अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून केलं आहे, तिने मराठी पेपर घेऊ नये असं आम्हाला वाटतं. दोन वर्षं 'फोटोसिंथेसिस' म्हणत अभ्यास केला आणि ऐन परीक्षेत 'प्रकाशसंश्लेषण' वाचून थबकली, तर ते अर्धं मिनिट परत मिळत नाही. शिवाय दोन्ही भाषांत फरक आढळला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात.

अभ्यासाचं आम्ही फार सांगणार नाही. ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. एवढंच, की एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं हाच पाया आहे आणि ती स्वस्त आहेत. लातूरला, संभाजीनगरला, पुण्याला क्लास लावायचा म्हणून शेत गहाण टाकण्याआधी दोन दारं वाजवून बघा. महाज्योती या शासनाच्या संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर मोफत ऑनलाइन शिकवणी आणि टॅब दिलेले आहेत. दहावीचा निकाल लागला की त्यांची जाहिरात निघाली का याची चौकशी करा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हे काम आहे, तिथे गरीब घरातल्या मुलांना नीटसाठी मोफत शिकवतात. मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठीही त्यांनी काम केलं आहे. सगळ्यांना तिथे जागा मिळेल असं नाही. पण अर्ज करायला काय जातं?

आणि घरातलं एक. पोरीला अभ्यासाला बसवलं आणि दर वीस मिनिटांनी 'पाणी आण, पिठाचा डबा दे, दळण घेऊन ये' म्हटलं, तर ती बसली तरी तिचा अभ्यास होत नाही. भावाला कोणी उठवत नाही. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

मार्कांबद्दल एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की असू द्या. मार्क बघू नका, रँक बघा. २०२४ ला ६५० च्या वर मार्क असलेली मुलं हजारोंनी होती. २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की ६५० च्या वर साऱ्या देशात शंभरसुद्धा नव्हती. त्यामुळे 'शेजारच्या पोरीला गेल्या वर्षी सहाशे होते आणि हिला पाचशेच' हे बोलणं बिनकामाचं. प्रवेश देशभरातल्या क्रमांकावर होतो, आणि त्या क्रमांकावरूनच राज्याची यादी लागते.

आता आपल्या कामाकडे येऊ.

सरकारी महाविद्यालयातल्या शंभरातल्या पंधरा जागा देशपातळीवरून भरतात, पंच्याऐंशी जागा आपल्या राज्याच्या. या पंच्याऐंशीसाठी मुलीची दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी आणि डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला हवा. राज्याच्या जागांत मुलींसाठी तीस टक्के आरक्षण आहे, आणि ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत आहे. म्हणजे ओबीसीच्या जागांत ओबीसी मुलींच्या, अनुसूचित जातीच्या जागांत त्या मुलींच्या, खुल्यातही मुलींच्या. पूर्वी विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची वाटणी होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. आता गडचिरोलीची मुलगी मुंबईच्या केईएमला आणि मुंबईची गडचिरोलीला, यादी एकच.

डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर. हे चार आपल्याला माहीत आहेत. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज होतो. पावती घ्या. पावतीवर दाखला कधी मिळणार ती तारीख असते आणि ती तारीख त्यांच्यावर बंधनकारक आहे, कारण महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. तारीख उलटली तर अपील करता येतं. आणि हो, अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. कोणी पाचशेचा बाँड आणा म्हणालं तर 'कोणत्या नियमाने' एवढं शांतपणे विचारा. आमच्या अनुभवात हा प्रश्न विचारला की बाँड लागेनासा होतो.

नॉन क्रिमीलेअरबद्दल बायांचा गैरसमज असतो की नवऱ्याला पगार आहे म्हणजे आपल्याला मिळणार नाही. मर्यादा आठ लाखांची आहे, पण त्या हिशेबात पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. मात्र हा दाखला ठराविक मुदतीचा असतो. मुलीच्या प्रवेशाच्या वर्षात तो चालू आहे का ते बघा. दहावीला काढलेला पेटीत जपून ठेवला आणि तोच घेऊन गेल्या, असं चालत नाही.

पण ज्या कागदाने सगळ्यात जास्त पोरी अडतात तो पाचवा आहे. जात वैधता प्रमाणपत्र. आपण त्याला व्हॅलिडिटी म्हणतो. जातीचा दाखला म्हणजे तहसील-प्रांताने दिलेला कागद. व्हॅलिडिटी म्हणजे तो दाखला खरा आहे असं समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. राज्यातल्या राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच. ठरलेल्या दिवशी हातात नसेल तर पोरीला खुल्या प्रवर्गात धरतात. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीचं असंच झालं. तिच्या प्रवर्गाच्या यादीत तिचा नंबर सरकारी महाविद्यालयात सहज बसत होता. अर्ज केला होता बारावीची परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये. समितीने आजोबांचा पुरावा मागितला, तो शोधता शोधता यादी लागली, फेऱ्या संपल्या. तिने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. दोन वर्षांची मेहनत आणि एक वर्षाचं आयुष्य एका उताऱ्यापायी.

म्हणून आमचं सांगणं, अकरावी सायन्सला नाव घातलं की त्याच वर्षी व्हॅलिडिटीचा अर्ज. कॉलेजचं पत्र लागतं, ते मागा. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदांसह जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातीसाठी समित्या वेगळ्या आहेत, आदिवासी विकास विभागाकडच्या. आणि अर्ज जिथून जातीचा दाखला निघाला तिथल्या समितीकडे जातो. जी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला म्हणून पुण्याकडे येऊन राहिली, त्यांना मूळ गावच्या जिल्ह्यात हेलपाटा घालावा लागतो. तो मार्च-एप्रिलच्या घाईत घालण्यापेक्षा दिवाळीत गावी जाल तेव्हा घाला.

समिती काय मागते? पोरीचा, बापाचा, आजोबाचा, जमल्यास पणजोबाचा जातीची नोंद असलेला जुना कागद. किती जुना, हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. या चार तारखा वहीत लिहून ठेवा. आमच्या प्रत्येक गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या लिहिलेल्या आहेत, कर्जाच्या हिशेबाच्या वर.

आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांची नोंद असते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून उतारा मिळतो. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर? तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं. तिथे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. कोतवाल बुक म्हणतात त्याला, गाव नमुना नंबर चौदा. त्यात नाव, बाप आणि जात अशी नोंद सापडते. खूप जुनी नोंद असेल तर ती मोडी लिपीत असते. त्या उताऱ्याचं जाणकाराकडून मराठी लिप्यंतर करून घ्यावं लागतं. घाबरू नका, मोडी वाचणारे लोक अजून आहेत. जुने सातबारा, फेरफार, हक्कनोंदीची पानं यांतही कधी कधी जात लिहिलेली सापडते.

आता यातली बायांची अडचण. हे सगळे पुरावे बापाकडचे लागतात. आपल्या माहेरचे कागद, भाऊ, वडील, आजोबा, काही उपयोगाचे नाहीत. संसार नीट चालला असेल तर प्रश्न नाही. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकलं आहे, जी माहेरी येऊन राहते आहे, तिने काय करावं? आमच्या एका गटातल्या बाईवर हीच वेळ आली. नवरा दहा वर्षं फिरकला नव्हता. मुलगी हुशार, अकरावीला. बाई सासरच्या गावी गेली तर दिराने दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, कागद-बिगद काही नाहीत आमच्याकडे. खरं म्हणजे त्याला वाटत होतं की कागदाच्या वाटेने ही जमिनीत हिस्सा मागायला येईल.

मग आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो. दिराच्या दारात नाही, शाळेत. मुलीच्या नावाने अर्ज दिला. मुख्याध्यापक बाई होत्या, त्यांनी कपाटावरची जुनी रजिस्टरं खाली काढली. दुपारपर्यंत धूळ झटकत एकेक पान बघितलं. आजोबाचं नाव सापडलं १९५६ च्या प्रवेशात, जातीसकट. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता, तो झाला. मग अजून एक गोष्ट कळली. मुलीचा चुलत चुलता पूर्वी राखीव जागेवर ग्रामपंचायतीला निवडून आला होता. राखीव जागेवर निवडणूक लढवायची तर व्हॅलिडिटी लागते. म्हणजे त्याच्याकडे ती असणार. होतीच. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची व्हॅलिडिटी असेल आणि वंशावळीत नातं सिद्ध होत असेल, तर काम फार सोपं होतं. तो चुलता भला निघाला. झेरॉक्स दिली, नात्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही दिली आणि वर चहा पाजला. मुलीची व्हॅलिडिटी बारावीच्या दिवाळीआधी हातात आली.

तेव्हा तुम्हीही आपापल्या घरच्या भावकीत बघा. कोण सरपंच होता, कोण सदस्य, कोण राखीव जागेवर नोकरीला लागला, कोणाच्या पोराने इंजिनिअरिंग केलं. त्यांच्याकडे व्हॅलिडिटी असते. पण एक ध्यानात ठेवा. भावकीतली सरपंच बाई असेल आणि ती सून म्हणून आलेली असेल, तर तिची व्हॅलिडिटी तिच्या माहेरच्या नावाची. ती आपल्या पोरीच्या कामाची नाही. आत्या मात्र चालते, ती बापाच्याच रक्ताची.

दुसरी अडचण नावांची. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे बापाचं नाव 'पांडुरंग' तर कुठे 'पांडू'. दहावीची मार्कशीट प्रमाण माना आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, तेही अकरावीतच.

नीटचा अर्ज साधारण फेब्रुवारीच्या आसपास निघतो. २०२५ ला फी खुल्या प्रवर्गाला १७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, अनुसूचित जाती-जमातीला आणि दिव्यांगांना १००० होती. या अर्जात प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे विचारतात, राज्याच्या नाही. ओबीसी असाल तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघायचं आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढायचा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्याचं आहे. त्यामुळे त्या मुलींना नीटच्या अर्जात खुला किंवा ईडब्ल्यूएस लिहावं लागतं, आणि पुढे राज्याच्या प्रवेशात एसईबीसी सांगायचं. इथे पोरी गोंधळतात आणि नेट कॅफेवाला त्याहून जास्त गोंधळतो.

नेट कॅफेवरून आठवलं. अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच टाका. कॅफेवाल्याचा नको, क्लासवाल्याचा नको, मामाचाही नको. सगळे ओटीपी, सगळे निरोप त्या नंबरवर येतात. पासवर्ड पोरीकडे आणि तुमच्या वहीत. आणि तो नंबर प्रवेश होईपर्यंत रिचार्ज केलेला ठेवा. ऐन पसंतीक्रम भरायच्या दिवशी सिम बंद, असं व्हायला नको.

परीक्षेच्या दिवसाचं दोन वाक्यांत. फाटक दीड वाजता बंद होतं, मग देवाला जरी आणलं तरी उघडत नाही, म्हणून लांबचं केंद्र असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. अर्ध्या बाहीचा साधा ड्रेस, पायात चप्पल, अंगावर दागिना नको, प्रवेशपत्रावर सांगितलेले फोटो आणि ओळखपत्र पिशवीत आहे का ते तुम्ही स्वतः बघा.

निकालानंतर खरा अर्ज सुरू होतो, आणि कितीतरी घरं इथेच ढिली पडतात. राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे आपोआप नाव लागत नाही. नोंदणी, कागद अपलोड, मग गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम, मग फेऱ्या. देशपातळीच्या पंधरा टक्क्यांसाठी एमसीसीकडे निराळी नोंदणी. दोन्हीकडे करा.

पसंतीक्रम भरताना एक चूक सर्रास होते. 'केईएम आपल्याला कुठलं मिळायला' म्हणून वरची महाविद्यालयं टाकतच नाहीत. वरची टाकल्याने खालची जागा जात नाही. यंत्र वरून खाली बघत येतं, जिथे तुमच्या क्रमांकाला जागा सापडेल तिथे थांबतं. तेव्हा मनात ज्या क्रमाने हवं त्याच क्रमाने लिहा. पण जिथे कोणत्याही परिस्थितीत पाठवणार नाही, ते नाव घालू नका. कारण फेरीगणिक नियम कडक होतात, शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कमही जाते आणि पुढचा मार्गही बंद होऊ शकतो. दूर आहे म्हणून नंदुरबार, गडचिरोली, सिंधुदुर्ग गाळायचं का, हे घरात बसून आधीच ठरवा. आमचं मत विचाराल तर गाळू नका. नव्या सरकारी महाविद्यालयांत शिक्षक कमी असतात, इमारती अर्धवट असतात, हे खरं. पण फी सरकारी आहे आणि पदवी तीच आहे. अभिमत विद्यापीठांची फी अनेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. तिथे पोरगी पाठवायची म्हणून जमीन विकणाऱ्याला आम्ही कधी शहाणा म्हणणार नाही.

पसंतीक्रमात सेवाग्रामचं नाव विसरू नका. वर्ध्याजवळचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं. जागा शंभर. पूर्वी तिथली प्रवेश परीक्षा स्वतंत्र असे आणि तिच्यात गांधीविचारांचाही पेपर असे. आता प्रवेश नीटवर होतो. पण पहिल्या वर्षाची मुलं अजूनही सुरुवातीला आश्रमात राहतात, खादी वापरतात आणि एखादं गाव दत्तक घेऊन तिथल्या घरोघरी जातात. तिथे आपल्या खेड्यातल्या पोरीला बुजल्यासारखं वाटत नाही.

पैशाचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची सोय आधीपासून आहे. पण प्रवेश शासनाच्या फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ही माफी नाही. महाडीबीटीवर अर्ज पोरीला दर वर्षी करावा लागतो. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, ॲप्रन, हे मात्र आपल्याला बघावं लागतं. आमच्या गटांनी यासाठी अंतर्गत कर्जाचा वेगळा रकाना केला आहे, परतफेड इंटर्नशिपचा पगार सुरू झाल्यावर. आणि सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झाली की एक वर्ष सक्तीची सेवा द्यावी लागते. काही बायका याला घाबरतात. आम्ही म्हणतो, आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात रिकामी खुर्ची आहे, तिथेच बसू दे की.

पहिल्या खेपेला नंबर नाही लागला तर? परीक्षा किती वेळा द्यायची याला सध्या मर्यादा नाही. एक वर्ष पुन्हा द्यायला हरकत नाही, पण त्या वर्षात 'बसलीच आहे घरी' म्हणून स्थळं बघायला सुरुवात करू नका. शिक्षणात खंड पडला तर प्रवेशावेळी त्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेवढंच. तिसऱ्या खेपेला मात्र पोरीशी मोकळं बोला. आयुर्वेद, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, नर्सिंग यांचेही चांगले रस्ते आहेत, आणि जागा सव्वा लाखच आहेत हे आपण सुरुवातीलाच ऐकलं.

आता कामाचं. ज्यांच्या घरात यंदा अकरावी सायन्सची मुलगी आहे त्यांनी भाऊबीज झाल्यावरच्या पहिल्या गटबैठकीला येताना एवढं बरोबर आणायचं. मुलीची दहावीची मार्कशीट, तिचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, दोघांची आधार कार्डं आणि जातीचा दाखला असेल तर तो. नसेल तरी या. सासरच्या चार पिढ्यांची नावं सासूबाईंना विचारून कागदावर लिहून आणा, पणजोबाच्या भावांसकट. म्हाताऱ्या माणसांना ती पाठ असतात आणि विचारलं की आनंद होतो. झेरॉक्सचे पैसे गटातून जातील.